कायद्याचे संक्षिप्त नाव: ते कोठून घ्यावे आणि लेखनात कसे द्यावे

अर्ज, अपील, निवेदन, प्रबंध किंवा बातमी लिहिताना आपण ज्या कायद्याच्या आधारे बोलत आहोत त्याचे नाव बिनचूक देणे हे पहिले काम असते, आणि नवख्या माणसाची गल्लत बहुतेक वेळा याच कामात होते. एकाच कायद्याला लोकांच्या तोंडी एक नाव असते, वर्तमानपत्रांत आद्याक्षरांचे दुसरे असते, जुन्या निकालपत्रांत तिसरे आढळते आणि पुस्तकांच्या दुकानात मिळणाऱ्या प्रतीवर चौथेच छापलेले असते. यांपैकी अधिकृत नाव एकच, ते म्हणजे कायद्याच्या मजकुरातच त्याला दिलेले संक्षिप्त नाव. ते कसे शोधावे, कसे वाचावे आणि आपल्या लेखनात कसे मांडावे, हे येथे भारतातील केंद्रीय कायदे आणि महाराष्ट्राचे कायदे डोळ्यांसमोर ठेवून सांगितले आहे. विधी शाखेचे नवे विद्यार्थी, कनिष्ठ वकील, अनुवादक आणि आपला अर्ज आपणच लिहू पाहणारे नागरिक यांना त्याचा उपयोग व्हावा, अशी इच्छा आहे.

पहिली पायरी: कलम १ वाचा

कोणताही आधुनिक अधिनियम उघडला की सर्वांत वर त्याचे दीर्घ नाव दिसते. हा कायदा कशासाठी करण्यात येत आहे, हे त्यात एका लांबलचक वाक्यात सांगितलेले असते. त्यानंतर काही कायद्यांत उद्देशिका येते, मग ‘भारतीय गणराज्याच्या अमुकाव्या वर्षी संसदेकडून पुढीलप्रमाणे अधिनियमित होवो’ अशा धर्तीचे अधिनियमन सूत्र येते, आणि त्यानंतर कलम १ सुरू होते. या कलमाच्या समासात ‘संक्षिप्त नाव, विस्तार व प्रारंभ’ असे किंवा याच्या जवळपासचे शीर्षक असते. ‘या अधिनियमास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ असे म्हणावे’ अशा प्रकारचे जे वाक्य तेथे असते, त्यातील नाव हेच संक्षिप्त नाव होय.

दीर्घ नाव आणि संक्षिप्त नाव यांची कामे वेगळी आहेत. माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचे दीर्घ नाव सार्वजनिक प्राधिकरणांच्या कारभारातील पारदर्शकता, उत्तरदायित्व, केंद्रीय माहिती आयोग आणि राज्य माहिती आयोग यांची स्थापना असा सगळा पट मांडते; ते अर्जात उतरवून काढणे कोणाला शक्यही नाही आणि आवश्यकही नाही. संक्षिप्त नाव हे केवळ ओळख पटावी म्हणून असते. खुद्द राज्यघटनेलाही असे नाव देण्यात आले आहे आणि त्यासाठी स्वतंत्र अनुच्छेद आहे. मात्र तो आरंभी नसून जवळजवळ शेवटी, बाविसाव्या भागात आहे: या संविधानास भारताचे संविधान असे म्हणावे, एवढेच अनुच्छेद ३९३ सांगतो.

नाव ठरते कसे, हेही येथेच पाहून घ्यावे. विधेयकाचा मसुदा तयार होतो तेव्हाच त्याच्या पहिल्या खंडात नाव घातलेले असते, आणि विधेयकाच्या इतर कोणत्याही खंडाप्रमाणे त्यातही सभागृहाला दुरुस्ती करता येते. लोकसभेत विधेयकाचा खंडवार विचार होतो तेव्हा खंड १, अधिनियमन सूत्र आणि दीर्घ नाव हे सर्वांत शेवटी मतास टाकले जातात. ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते, कारण आतल्या तरतुदींत काय राहिले आणि काय गेले हे ठरल्यावाचून वरचे नाव त्यांना शोभते की नाही हे कळणार कसे? विधेयक एका वर्षी मांडले गेले आणि पुढच्या वर्षी संमत झाले, तर नावातील वर्ष आणि अधिनियमन सूत्रातील गणराज्याचे वर्ष बदलण्यासाठीही औपचारिक दुरुस्ती मांडावी लागते. म्हणूनच मांडलेल्या विधेयकाची प्रत हाती आली तर तिच्यावरील नाव व वर्ष जसेच्या तसे उचलू नये. घटनादुरुस्तीच्या बाबतीत तर विधेयकाचा अनुक्रमांक आणि संमत झालेल्या दुरुस्तीचा अनुक्रमांक सहसा जुळतच नाहीत. वस्तू व सेवा कराची वाट मोकळी करणारे विधेयक एकशे बाविसावे होते, परंतु कायदा झाला तो ‘संविधान (एकशे एकावी सुधारणा) अधिनियम, २०१६’.

कलम १ मध्ये नाव नसेल तर

एकोणिसाव्या शतकातील काही कायद्यांत कलम १ उघडले तरी नाव सापडत नाही. संस्था नोंदणीचा १८६० चा कायदा आजही रोजच्या वापरात आहे. गावोगावच्या वाचनालयांची आणि मंडळांची नोंदणी त्याखाली झालेली असते. परंतु त्याचे पहिले कलम थेट सात किंवा अधिक व्यक्तींनी एकत्र येऊन संस्था कशी स्थापावी येथूनच सुरू होते. तो केला गेला तेव्हा त्याला फक्त दीर्घ नाव आणि क्रमांक होता. त्याला ‘संस्था नोंदणी अधिनियम, १८६०’ हे नाव मिळाले ते ‘भारतीय संक्षिप्त नावे अधिनियम, १८९७’ या कायद्याने. त्या काळापर्यंत साचलेल्या अनेक बिननावाच्या कायद्यांना अनुसूचीत एकेक नाव देऊन त्याने नामकरण उरकले. ब्रिटिश पार्लमेंटनेही त्याआधी १८९२ मध्ये, आणि पुन्हा अधिक व्यापक प्रमाणावर १८९६ मध्ये, आपल्या जुन्या कायद्यांसाठी हेच केले होते. मुंबई प्रांताच्या कायद्यांसाठी १९२१ मध्ये अशाच स्वरूपाचा कायदा झाला.

या नामकरणाची गरज किती होती, ते १८५० च्या एका कायद्यावरून ध्यानात येते. धर्मांतर केल्यामुळे किंवा जातीबाहेर पडल्यामुळे कोणाचाही वारसाहक्क बुडू नये, अशी त्याची तरतूद होती. परंतु त्याचे दीर्घ नाव पाहिले, तर बंगालच्या १८३२ च्या सातव्या विनियमाच्या कलम ९ मधील तत्त्व संपूर्ण भारताला लागू करण्यासाठीचा अधिनियम, एवढेच कळते. १८९७ मध्ये त्याला मिळालेले ‘जाति निःसमर्थता निवारण अधिनियम, १८५०’ हे नाव वाचले की विषय लगेच समजतो. अशा जुन्या कायद्यांच्या अधिकृत प्रतीत, संक्षिप्त नाव कोणत्या कायद्याने दिले ते तळटीपेत नोंदलेले असते. ती तळटीप वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरी पायरी: नावाचे भाग ओळखा

संक्षिप्त नाव एका ठरलेल्या घडणीचे असते. राज्याचा कायदा असेल तर आरंभी राज्याचे नाव, त्यानंतर विषय, गरज असेल तेथे कंसात कृती, मग ‘अधिनियम’ किंवा ‘संहिता’, त्यानंतर स्वल्पविराम आणि शेवटी वर्ष. ‘अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९’ या नावात हे भाग स्पष्ट दिसतात. कंसातील शब्द हा वैकल्पिक खुलासा आहे असे समजून काही जण तो गाळतात. तसे मुळीच करू नये, तो नावाचाच भाग आहे. विषय आधी आणि कृती नंतर कंसात ठेवल्याने सूचीत एका विषयाचे कायदे एकत्र येतात, ही त्यामागची सोय.

कंसात ‘सुधारणा’ हा शब्द असेल तर आपल्या हाती मूळ कायदा नाही, हे ओळखावे. ‘माहितीचा अधिकार (सुधारणा) अधिनियम, २०१९’ याने माहिती आयुक्तांचा कार्यकाल व सेवाशर्ती यांच्याशी संबंधित कलमे बदलली. परंतु ते बदल मूळ कायद्यात सामावले गेले आहेत आणि आपल्या अर्जात उल्लेख करायचा तो २००५ च्या मूळ अधिनियमाचाच. सुधारणा अधिनियमाचे नाव तेव्हाच द्यावे, जेव्हा तो बदल केव्हा आणि कसा झाला हाच आपल्या म्हणण्याचा मुद्दा असेल. एकाच वर्षात एकाच विषयावर दोन कायदे झाले तर दुसऱ्याच्या नावात तसे नमूद करतात. २०१९ मध्ये लोकसभेची निवडणूक होती, त्यामुळे त्या वर्षी ‘वित्त अधिनियम, २०१९’ आणि ‘वित्त (क्रमांक २) अधिनियम, २०१९’ असे दोन कायदे झाले. कंसातला मजकूर गाळला की आपण भलत्याच कायद्याकडे बोट दाखवलेले असते.

तिसरी पायरी: वर्ष आणि क्रमांक वेगवेगळे तपासा

येथे थोडे थांबून नीट पाहणे आवश्यक आहे. राष्ट्रपतींची अनुमती मिळाली की केंद्रीय अधिनियमाला त्या कॅलेंडर वर्षातील पुढचा क्रमांक मिळतो. राज्याच्या अधिनियमांनाही अशीच स्वतंत्र क्रममालिका असते. हा क्रमांक नावाचा भाग नसतो, तो नावानंतर कंसात देतात: ‘माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ (२००५ चा २२)’. महाराष्ट्राचा कायदा असेल तर ‘(१९६६ चा महा. ४१)’ असे लिहितात, हा झाला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचा क्रमांक. इंग्रजी प्रतींत जुने क्रमांक रोमन अंकांत असतात, ते मराठीत देवनागरी अंकांत उतरवावेत आणि उतरवताना एकदा पडताळून पाहावेत.

नावातील वर्ष आणि क्रमांकाचे वर्ष बहुधा एकच असते, पण नेहमी नाही. विधिमंडळाने विधेयक वर्षाच्या शेवटी संमत केले आणि अनुमती पुढच्या वर्षी मिळाली, तर नावात जुने वर्ष राहते आणि क्रमांक नव्या वर्षाचा पडतो. ‘फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३’ हिला अनुमती मिळाली २५ जानेवारी १९७४ रोजी, म्हणून तिचा उल्लेख ‘(१९७४ चा २)’ असा होतो. महाराष्ट्रात तर अशी उदाहरणे रोज भेटतात: ‘महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०’ हा १९६१ चा महा. २४ आहे, ‘महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१’ हा १९६२ चा महा. ५ आहे, आणि ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९’ हा २००० चा महा. १८ आहे. ही छपाईची चूक आहे असे समजून कोणी वर्षे जुळवून टाकली, तर नसलेलाच कायदा उद्धृत होतो.

तिसरे एक वर्ष असते, ते कायदा अमलात येण्याचे. २०१३ च्या भूमिसंपादन कायद्याच्या नावात २०१३ आहे, पण तो अमलात आला १ जानेवारी २०१४ रोजी. एखादी घटना घडली तेव्हा कायदा लागू होता की नाही, हा प्रश्न नावातील वर्षावरून कधीही सोडवू नये. त्यासाठी कलम १ मधील प्रारंभाची तरतूद आणि तिच्याखाली निघालेली अधिसूचना पाहावी लागते.

क्रमांक वर्षाशिवाय निरर्थक असतो, हे सांगायला भारतीय दंड संहिता आणि तिच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता यांच्यापेक्षा चांगले उदाहरण मिळणार नाही. पहिली १८६० चा ४५ वा अधिनियम, दुसरी २०२३ चा ४५ वा अधिनियम. आणखी एक बारकावा असा, की भारतीय दंड संहितेच्या कलम १ मध्ये तिला जे नाव दिले होते त्यात वर्षच नव्हते; ‘भारतीय दंड संहिता, १८६०’ असे आपण सवयीने लिहितो, पण काटेकोर रूप ‘भारतीय दंड संहिता (१८६० चा ४५)’ हे आहे.

चौथी पायरी: नाव मध्यंतरी बदलले आहे का ते पाहा

संक्षिप्त नाव कायमचे नसते. सुधारणा अधिनियमाने जशी इतर कलमे बदलतात, तसे कलम १ मधील नावही बदलता येते. बहुतेक वेळा नाव बदलले तरी वर्ष जुनेच राहते, कारण कायदा तोच असतो. बालकामगारांविषयीचा १९८६ चा कायदा २०१६ च्या सुधारणेने ‘बाल व किशोरवयीन कामगार (प्रतिबंध व विनियमन) अधिनियम, १९८६’ झाला. आज ज्याला ‘अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६’ म्हणतात, त्याचे मूळ नाव स्त्रिया व मुली यांच्या अनैतिक व्यापाराच्या दमनाविषयीचा अधिनियम असे होते. १९८६ मध्ये नावातील ‘स्त्रिया व मुली’ गेल्या, कारण कायद्याचे संरक्षण त्यांच्यापुरते उरले नव्हते.

नाव सुधारणांनी कसे वाढत जाते, हे पाहायचे तर महाराष्ट्राचा १९८१ चा, वर्तमानपत्रांत ‘एमपीडीए’ म्हणून ओळखला जाणारा स्थानबद्धतेचा कायदा पाहावा. आरंभी त्याच्या नावात झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार एवढेच होते. पुढे धोकादायक व्यक्ती आल्या, त्यानंतर चित्रफितींची चोरटी नक्कल करणारे आले, त्यानंतर वाळू तस्कर आणि अत्यावश्यक वस्तूंचा काळाबाजार करणारे आले. आणि प्रत्येक वेळी नव्या वर्गाची भर नावातही पडली. आज हे ‘संक्षिप्त’ नाव कागदावर तीन-चार ओळी व्यापते. जुन्या स्थानबद्धता आदेशात ते आखूड आणि नव्या आदेशात लांब दिसते, म्हणून हे दोन कायदे आहेत असे मानण्याची चूक नवखे करतात. कायदा एकच, आदेशाच्या तारखेला त्याचे जे नाव होते ते आदेशात आले आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला सर्वाधिक भेटणारा बदल मात्र ‘मुंबई’ या शब्दाचा आहे. राज्यनिर्मितीपूर्वीचे अनेक कायदे ‘मुंबई पोलीस अधिनियम, १९५१’, ‘मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०’, ‘मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८’ अशा नावांनी ओळखले जात. २०१२ च्या महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २४ ने, म्हणजे संक्षिप्त नावांच्या सुधारणेसाठीच केलेल्या कायद्याने, त्यांतील ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आणले. (या कायद्याच्या स्वतःच्या नावात वर्ष २०११ आहे, तिसऱ्या पायरीतला नियम येथेही लागू पडतो.) आता राज्याच्या नव्या अधिनियमांत हे कायदे ‘महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम (१९५९ चा ३)’ अशा रीतीने, नावात वर्ष न घालता, उद्धृत केलेले आढळतात. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले, हे लक्षात घेता ते योग्यच दिसते. अशा ठिकाणी कंसातील क्रमांक आणि वर्ष गाळले तर वाचकाला तो कायदा केव्हाचा हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

जुन्या मुंबई राज्यातून गुजरातही वेगळा झाला, आणि तेथेही २०११ मध्ये असाच कायदा होऊन ‘मुंबई’च्या जागी ‘गुजरात’ आले. परिणामी मुंबई राज्याचा १९५१ चा २२ वा अधिनियम आज महाराष्ट्रात महाराष्ट्र पोलीस अधिनियम आहे आणि गुजरातेत गुजरात पोलीस अधिनियम. मूळ एकच असले तरी दोन्ही राज्यांनी आपापल्या सुधारणा वेगवेगळ्या केल्या आहेत, म्हणून एका राज्याचा निकाल दुसऱ्या राज्यात उद्धृत करताना कलमाचा मजकूर दोन्हीकडे तोच आहे ना, हे पाहणे अत्यावश्यक ठरते.

२०१२ पूर्वीच्या निकालपत्रातील उतारा देताना मात्र त्यातील जुने नाव बदलू नये. उताऱ्यात ‘मुंबई’ असेल तर तसेच ठेवावे आणि आपल्या वाक्यात आजचे नाव देऊन ते पूर्वी काय होते ते एकदा सांगावे.

पाचवी पायरी: बोलीतले नाव सोडून अधिकृत नावाकडे जा

लोकांनी ठेवलेली नावे सुटसुटीत असतात आणि बोलण्यात ती वापरण्यात काहीही गैर नाही. हरविलास सारडा यांच्या प्रयत्नांनी झालेला १९२९ चा बालविवाहविरोधी कायदा ‘शारदा कायदा’ म्हणूनच इतिहासात राहिला, आणि ‘रौलट कायदा’ म्हटल्यावर ज्याची आठवण होते त्याचे अधिकृत नाव अराजकतावादी व क्रांतिकारी गुन्ह्यांविषयीचे होते, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. परंतु अर्जात किंवा अपिलात असे नाव टाकले की ते नेमके कोणत्या कायद्याकडे नेते, ही शंका उरते.

‘कुळकायदा’ हा शब्द घ्या. पश्चिम महाराष्ट्रातील आणि कोकणातील वाचक तो ऐकून १९४८ चा कुळवहिवाट व शेतजमिनीविषयीचा कायदा समजतो, ज्याचा क्रमांक मुंबई राज्याच्या १९४८ च्या मालिकेतील ६७ आहे. विदर्भातील वाचकासाठी तो विदर्भ प्रदेशापुरता केलेला स्वतंत्र कायदा असतो, १९५८ च्या मालिकेतील ९९ वा. मराठवाड्यात तोच शब्द हैदराबाद राज्याच्या १९५० च्या कायद्यासाठी, म्हणजे ‘हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० (१९५० चा हैद. २१)’ यासाठी वापरला जातो. तिन्ही कायदे एकाच राज्यात, एकाच विषयावर. पण कलमांचे क्रमांक निराळे आणि तरतुदीही सर्वत्र सारख्या नाहीत. जमीन कोणत्या जिल्ह्यात आहे ते पाहून मगच कायद्याचे नाव लिहावे. अर्जात ‘कुळकायद्याच्या कलम अमुकप्रमाणे’ असे लिहिणारा माणूस तपासणाऱ्या अधिकाऱ्यावर निवड सोपवतो, आणि ती निवड चुकली तर भोगायचे त्यालाच असते.

आद्याक्षरांची तीच गत. ‘एमआरटीपी’ म्हटले की नगररचनेतील माणसाला ‘महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ (१९६६ चा महा. ३७)’ आठवतो, तर कंपनी कायद्याच्या जुन्या अभ्यासकाला मक्तेदारी आणि निर्बंधक व्यापारी प्रथांविषयीचा १९६९ चा केंद्रीय कायदा आठवतो, जो आता रद्द झाला आहे. ‘मोक्का’, ‘मकोका’ ही तर एकाच कायद्याच्या आद्याक्षरांची दोन वाचने आहेत. अधिकृत नाव ‘महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, १९९९’. लेखात आद्याक्षरे वापरायचीच असतील तर प्रथम पूर्ण नाव देऊन मगच वापरावीत.

सहावी पायरी: मराठी नाव स्वतः बनवू नका

केंद्रीय कायद्यांचे मराठी पाठ राष्ट्रपतींच्या प्राधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध होतात आणि १९७३ च्या प्राधिकृत पाठांविषयीच्या केंद्रीय कायद्यानुसार ते प्राधिकृत मानले जातात. तसा पाठ उपलब्ध असेल तर त्यातलेच नाव वापरावे, मग आपल्याला दुसरा शब्द कितीही अधिक गोड वाटो. तो नसेल तर शासनाच्या अधिसूचनांत व परिपत्रकांत रूढ झालेले रूप घ्यावे. एकाच इंग्रजी नावाची दोन-तीन मराठी रूपे चालू असतात, आणि अशा वेळी क्रमांकच वाचकाला तारतो, कारण शब्द बदलले तरी ‘१८८२ चा ४’ (हा मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याचा क्रमांक) बदलत नाही.

केंद्रीय कायद्यांचा अद्ययावत मजकूर ‘इंडिया कोड’ या शासकीय संकेतस्थळावर पाहता येतो. राज्याच्या कायद्यांसाठी विधि व न्याय विभागाने प्रसिद्ध केलेल्या प्रती आणि महाराष्ट्र शासन राजपत्र हे आधार. खासगी प्रकाशकांची पुस्तके अभ्यासाला उत्तम असतात. परंतु मुखपृष्ठावरील नाव विक्रीच्या सोयीने आखूड केलेले असू शकते, म्हणून नाव आतल्या कलम १ मधूनच घ्यावे.

सातवी पायरी: उल्लेख लिहा

‘सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७’ याच्या कलम २८ नुसार केंद्रीय कायद्यांत आणि त्यांच्या अनुषंगाने केलेल्या नियमांत व दस्तऐवजांत एखादा कायदा त्याच्या नावाने किंवा संक्षिप्त नावाने उद्धृत करता येतो, अथवा त्याच्या क्रमांकाने व वर्षाने. आणि त्यातील तरतूद कलमाच्या व पोटकलमाच्या उल्लेखाने दाखवता येते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने नाव किंवा क्रमांक यांपैकी एक पुरेसे आहे. तरीही पहिल्या उल्लेखात दोन्ही द्यावेत असे माझे ठाम मत आहे, कारण एकात चूक झाली तर दुसरे ती उघडी पाडते.

आधी कलम, मग कायदा, असा मराठी वाक्याचा ओघ नसतो. आपण मोठ्याकडून लहानाकडे जातो. ‘माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ (२००५ चा २२) याच्या कलम १९, पोटकलम (१) अन्वये हे प्रथम अपील सादर करीत आहे’ असे वाक्य लिहिले की त्यात कायदा, क्रमांक, कलम आणि अपिलाचा टप्पा हे सर्व येते. दुसऱ्या उल्लेखापासून ‘उक्त अधिनियम’ पुरे. दोन कायदे एकाच अर्जात असतील तर मात्र ‘उक्त’ हा शब्द टाळावा आणि प्रत्येकाला सुरुवातीलाच एक आखूड नाव ठरवून द्यावे.

कलमापुढील अक्षराबाबत विशेष सावध राहावे. संविधानाच्या मराठी पाठात इंग्रजीतल्या पहिल्या अक्षरासाठी ‘क’ वापरतात, म्हणून मूलभूत कर्तव्यांचा अनुच्छेद ‘५१ क’ होतो. राज्याच्या महसुली लिखाणात मात्र अ, ब, क, ड असा क्रम चालतो, आणि जमीन महसूल संहितेतील ‘४२ क’ हे त्या मालिकेतील तिसरे कलम असते. एकाच अक्षराचे दोन अर्थ होतात, तेव्हा ज्या पाठातून कलम घेतले त्याचीच पद्धत पाळावी. नियमांनाही स्वतःचे संक्षिप्त नाव असते, ते नियम १ मध्ये सापडते. नियम उद्धृत करताना तो कोणत्या अधिनियमाखालचा हेही सांगावे, आणि ‘कलम’ न म्हणता ‘नियम’ म्हणावे.

नावावरून काय ठरवू नये

संक्षिप्त नाव वाचून कायद्याची व्याप्ती ठरवण्याचा मोह होतो, तो आवरावा. इंग्लंडमधील तेव्हाचे सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९१३ च्या व्हॅकर खटल्यात हे स्पष्ट केले होते. असे नाव केवळ ओळखीसाठी असते, वर्णनासाठी नव्हे, ही त्यातील एक न्यायाधीश लॉर्ड मोल्टन यांची भूमिका. तरतुदीचे शब्द स्पष्ट असतील तर नाव त्यांना आखूड करू शकत नाही. ‘माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००’ हे नाव ऐकून त्यात दुसऱ्याचा पासवर्ड चोरणे, संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करणे अशा गुन्ह्यांना शिक्षा आहेत हे कोणाच्या ध्यानात येणार नाही; पण त्या आहेत. तरतूद शोधताना नावापाशी न थांबता दीर्घ नाव, व्याख्या आणि कलमांची अनुक्रमणिका पाहावी.

रद्द झालेले कायदे

रद्द झालेल्या कायद्याचे नाव लिहिण्याची वेळ वारंवार येते, आणि ते लिहिणे नेहमी चूक असते असे नाही. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या अपराधासाठी भारतीय दंड संहितेचेच कलम लागते, मग फिर्याद त्यानंतर नोंदवली गेली असली तरीही. त्या दिवशी किंवा त्यानंतर घडलेल्या अपराधासाठी भारतीय न्याय संहिता, २०२३ हिचे कलम द्यावे. याउलट, अजून अमलात असलेल्या एखाद्या कायद्यात जुन्या संहितेचा उल्लेख राहून गेला असेल, तर सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे, वेगळा इरादा दिसत नसेल तेथे, तो पुन्हा अधिनियमित झालेल्या संबंधित तरतुदीचा उल्लेख समजला जातो. आपल्या अर्जात अशा वेळी मजकुरातील जुने नाव जसेच्या तसे देऊन कंसात नव्या संहितेचे नाव आणि कलम लिहावे, म्हणजे वाचणाऱ्याला दोन्ही मजकूर शेजारी ठेवून ताडता येतात.